मुलाची घाटी (कंठमणी) दिसत नाही, आवाजही बारीक. काळजी करावी का?

कुर्टीची_ताई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. मुलगा पंधरा पूर्ण, यंदा दहावीत. पेटीवर अभंग आणि नाट्यपदं म्हणतो, अजून काळी पाचाच्या उंच पट्टीत. धाकट्या जावेचा मुलगा तेराचाच, पण गळ्यावर हा एवढा कंठमणी आणि फोन उचलला की समोरच्याला वाटतं त्याचे बाबाच बोलताहेत. चवथीला सगळे एकत्र जमलो होतो. आरती झाल्यावर एका नातेवाईक बाईंनी हसत हसत म्हटलं, "आमच्याकडे मुलगी नाही ती कसर ह्याने भरून काढली." पोरगा काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशीच्या आरतीला नुसतेच ओठ हलवत होता. आता शर्टाचं वरचं बटण लावून हिंडतो आणि आरशासमोर मान वर करून गळा चाचपतो.

घाटी दिसत नसेल तर आवाज जड व्हायचाच नाही, असं काही असतं का? डॉक्टर गाठायचा तर कुठला? आणि तोवर गाणं चालू ठेवायचं की बंद?

उनाड_पाव
हुराकाच्या (काजूच्या दारूच्या) दिवसांत एक पेला रोज. आवाज महिन्याभरात थेट पाताळात.
(हलके घ्या ताई. पोराला देऊ नका, नवऱ्याला द्या.)

म्हापशाचा_शुक्रवार
ताई, मी जिवंत पुरावा आहे. माझी घाटी एवढी पुढे आलेली की शाळेत मला 'कोंबो' (कोंबडा) म्हणायचे. दाढी करताना आजही तिथे ब्लेड अडतं. आणि आवाज? बाजारात मी "चोरिझो कसो दिलो?" विचारलं की बाई मान वर न करता "घे गो बाय" म्हणते. उलट माझा मोठा भाऊ गोलमटोल, मानेवर काही म्हणता काही दिसत नाही, आणि देवळात "घालीन लोटांगण" सुरू केलं की त्याला माईक लागत नाही. एकाच आईबापाची पोरं.

पर्वरीकर_डॉक
शुक्रवार यांनी माझं अर्धं काम केलं. उरलेलं जरा सविस्तर लिहितो, दर वर्षी हाच प्रश्न घेऊन कुणी ना कुणी पालक येतात.

स्वरयंत्राच्या पुढच्या बाजूला कूर्चेची दोन पाती असतात, पुस्तक अर्धं उघडावं तशी पुढे जुळलेली. वयात येताना मुलांचं स्वरयंत्र चहूबाजूंनी वाढतं आणि हा जोड पुढे सरकतो. मोठ्या पुरुषात त्या दोन पात्यांमधला कोन साधारण 90 अंशांचा असतो, बाईत 120 च्या आसपास. कोन जितका अरुंद तितकी कड पुढे येते, आणि गळ्यावर दिसते ती हीच कड. म्हणजे कंठमणी बायकांनाही असतो, बोट फिरवलं तर लागतोही. मग तो दिसायचा किती? ते मानेवरच्या चरबीवर, मान लांब की आखूड यावर, आणि माणूस मान कशी धरतो यावरही ठरतं. सडपातळ, उंच मानेच्या मुलात लवकर उठून दिसतो, भरलेल्या अंगाच्या मुलात मोठा असूनही लपतो.

आवाज किती खाली जाणार ते आतल्या स्वरतंतूंवर. वयात येताना ते लांबतात आणि जाडही होतात. पुरुषात त्यांची लांबी साधारण 17 ते 25 मिलिमीटर, बाईत साडेबारा ते साडेसतरा. वयात येण्याआधी मुलगा असो की मुलगी, बोलताना तंतू सेकंदाला अडीचशे-तीनशे वेळा कंप पावतात. प्रौढ पुरुषात हा आकडा शंभर ते एकशेतीसवर येतो, बाईत दोनशेच्या आसपास राहतो. म्हणजे मुलाचा आवाज जवळजवळ एक सप्तक उतरतो. मुलींचाही उतरतो, फक्त दोन-तीन सुरांनीच, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय स्वरयंत्र गळ्यात थोडं खाली सरकतं, घशाची नि तोंडाची पोकळी वाढते, त्यातून आवाजाला तो भरीवपणा येतो.

कूर्चा आणि तंतू दोन्ही टेस्टोस्टेरॉनमुळेच वाढतात, तेही एकाच सुमारास. म्हणून एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायची सवय लागली आहे. तो अंदाज फार कच्चा असतो.

खांडेपारची_वैनी
माझं ऐकाल तर आधी थायरॉइडची टेस्ट करून घ्या. गळ्याचं काहीही असलं तरी मूळ तिथेच असतं. माझ्या नणंदेचा आवाज बदलला होता तेव्हा तेच निघालं.

पर्वरीकर_डॉक
वैनी, नणंदेच्या बाबतीत बरोबर असेल. ती ग्रंथी काम कमी करू लागली की आवाज घोगरा होऊ शकतो. पण या कूर्चेला थायरॉइड म्हणतात म्हणून लोकांची गल्लत होते. थायरॉइड ग्रंथी तिच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असते. घाटी दिसत नाही एवढ्यावरून ती तपासायचं कारण नाही. हां, मुलाची उंचीच वाढत नसेल, सारखा थकवा, बद्धकोष्ठ असेल तर डॉक्टर स्वतःच ती टेस्ट लिहून देतील.

शंकेखोर
डॉक, पुस्तकातलं सगळं मान्य. पण डोळ्यांनी दिसतं त्याचं काय? आमच्या घराण्यात तिघे मामा, तिघांच्या गळ्यात लिंबाएवढी घाटी आणि तिघांचे आवाज ढोलासारखे. बसमधले कंडक्टर पाहा, भजनातले बुवा पाहा. ज्याची घाटी मोठी त्याचा आवाज मोठा, हे आजोबांपासून ऐकत आलोय. एक 'कोंबो' निघाला म्हणून नियम मोडत नाही.

म्हापशाचा_शुक्रवार
अपवादाला आज पहिल्यांदा मान मिळाला. देव बरें करूं.

केप्याची_परिचारिका
शंकेखोर, एक साधी गोष्ट सांगते. ज्यांना गळ्यावरचा उंचवटा नको असतो, विशेषतः ट्रान्स स्त्रिया, त्यांच्यासाठी ती कड तासून कमी करायची शस्त्रक्रिया असते. नीट केली तर गळा सपाट होतो, पण आवाज होता तसाच राहतो. आवाजासाठी त्यांना वेगळा सराव करावा लागतो, किंवा तंतूंवरची वेगळी शस्त्रक्रिया. उंचवटाच आवाज ठरवत असता तर एकात दोन्ही कामं झाली असती. तासताना सर्जनचं सगळं लक्षही त्यावरच असतं की आत जिथे तंतू चिकटलेले असतात त्या जागेला धक्का लागता कामा नये.

शंकेखोर
ते ऑपरेशनचं झालं. मी निसर्गाचं बोलतोय.

पेडण्याचो_संकासूर
निसर्गाचं बोलायचं तर आमच्या दशावतारात या. काल्याच्या रात्री जो गडी लक्ष्मी होऊन येतो तो दिवसा माड चढतो. सहा फूट उंची, घाटी अशी की सावलीतही दिसावी. मेकअप करताना सगळ्यात आधी तो ठुशी मागतो. ठुशी अगदी घट्ट, हनुवटीखाली दोन बोटांवर, आणि तिच्या खाली मोहनमाळ, म्हणजे बघणाऱ्याची नजर खाली जाते. संवाद म्हणताना मान किंचित खाली, पदर उजव्या खांद्यावरून पुढे. आवाज तो स्वतः बारीक काढतो, पहाटेपर्यंत टिकवतो, आणि कालो संपल्यावर चहाच्या टपरीवर "एक कडक दी रे" म्हणतो तेव्हा बाकावरचं पोर दचकतं. एकाच गळ्यातून दोन्ही.

ताईंच्या नातेवाईक बाईंना आमच्या पुढच्या काल्याचं आमंत्रण द्या.

काजूबोंड
संकासुरा, ठुशीचं लक्षात ठेवलं. बायकोची आहे, घाटी माझी आहे.

जुना_पेटीवाला
माझा प्रांत तिसरा प्रश्न. मी फोंडा महालात मुलांना गाणं शिकवतो, आवाज फुटायच्या वयातली पोरं कायम समोर असतात.

काळी पाचात गाणारा मुलगा एक दिवस येतो आणि तार षड्ज (वरचा सा) लागतच नाही, त्या जागी हवा येते. मग मध्येच कधीतरी मंद्रातला (खालच्या सप्तकातला) असा सूर लागतो की तो स्वतःच पेटीकडे बघतो. तंबोऱ्यातली खर्जाची तार जाड असते, तसं त्याच्या गळ्यात नवीन जाड तार बसवली जात असते, पण हाताला अजून जुन्याच तारेची सवय. मेंदूला नवा हिशेब जमेपर्यंत सूर घसरतो, फाटतो, मधेच उडी मारतो. काही महिन्यांत बराच स्थिरावतो, पुरतं बसायला मात्र वर्ष-दोन वर्षं लागू शकतात.

माझ्याकडे नियम एकच, तार सप्तकासाठी ताणायचं नाही. पट्टी उतरवत जायची. काळी पाचावरून तीनवर, मग दोनवर. जिथे गळा सैल राहील तिथे पाच-सहा सुरांत ओंकार, सावकाश पलटे. नाट्यपद आवडतं म्हणून जुन्याच पट्टीत रेटलं तर तंतू सुजतात, आणि मग आवाज बदलल्यामुळे बसला की ओरडून बसला हेच कळेनासं होतं.

शिरोड्याचो_नाट्यवेडो
पेटीवाले, थोडा मतभेद. माझ्या गुरुजींनी माझं गाणं त्या काळात पूर्ण बंद केलं होतं. फक्त ऐकायचं, ताल शिकायचा, तबल्यावर बसायचं. त्याचा फायदाच झाला, लयीचं अंग तेव्हाच पक्कं झालं. आजकाल स्पर्धांच्या नादात पालक पोरांना एक महिनाही गप्प बसू देत नाहीत.

आणि आपल्या गोव्याला बारीक पुरुषी आवाजाची लाज कधीपासून वाटायला लागली? मंगेशीत 1900 साली जन्मलेले मास्टर दीनानाथ स्त्रीभूमिकांनी गाजले. तिकडे बालगंधर्वांनी आयुष्याचा मोठा काळ रंगभूमीवर बाई होऊन काढला, तेव्हा काही ते पोरवयात नव्हते. लोक बैलगाड्या जोडून ऐकायला जायचे.

जुना_पेटीवाला
नाट्यवेडो, गुरुजींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण आजच्या पंधराच्या मुलाला "दोन वर्षं गाऊ नको" म्हटलं तर शंभरातले निम्मे परत येतच नाहीत. हा माझा अनुभव, आकडा अंदाजाचा. हळू, सैल, खालच्या पट्टीत गाण्याने अपाय होत नाही. घसा दुखला, खरखर राहिली तर त्या दिवशी थांबायचं. तबल्याचा मुद्दा मात्र एकदम पटला.

मडगावची_सोप्रानो
आमच्या चर्चच्या क्वायरमध्येही हेच. वरच्या ओळीत गाणारे पोरगे एका पावसाळ्यात गळतात, मग काही ऑल्टोत, काही टेनरमध्ये, काही फुटबॉलमध्ये.

धाग्याला जरा फाटा फोडते. युरोपात एके काळी हा आवाज फुटूच नये म्हणून गाणाऱ्या मुलांचं लहानपणीच खच्चीकरण करत. कास्ट्राटो म्हणायचे त्यांना. स्वरतंतू पोराचे, छाती मोठ्या माणसाची. आलेस्सांद्रो मोरेस्की हा त्यातला शेवटच्यांपैकी एक, पोपच्या सिस्टीन चॅपलमध्ये गायचा. 1902 आणि 1904 साली त्याची ध्वनिमुद्रणं झाली, आजही ऐकायला मिळतात. ऐकलं की अंगावर काटा येतो, आणि तो चांगल्या अर्थाचा की वाईट ते मला ठरवता येत नाही. घाटी न येण्याचं एवढं कौतुक कुणी केलं असेल तर त्या लोकांनी, आणि कसल्या किमतीला.

अजून एक, पूर्वी आवाज फुटायचाही उशिरा. बाखच्या काळात लायप्झिगमधली मुलं सोळा-सतरापर्यंत वरच्या पट्टीत गायची. पोषण सुधारलं तसं वय खाली आलं. म्हणजे ताईंचा मुलगा अठराव्या शतकात अगदी वेळेवर असता.

उनाड_पाव
धागा कुर्टीहून निघून व्हॅटिकनला पोचला. परतीची कदंबा बस किती वाजता?

डिचोलीचा_मॅडम
नाव मुद्दाम घेतलंय. माझं ऐका, कारण हा प्रकार कुणी सांगत नाही.

मला दाढी वेळेवर आली, उंची आली, घाटीही दिसते. आवाज मात्र शाळेतलाच राहिला. बावीसाव्या वर्षी नोकरीत फोनवर बोलायचं काम होतं, आणि दिवसभर "हां मॅडम", "सांगा मॅडम". मी फोन टाळायला लागलो, मेसेजच करायचो. घरचे म्हणायचे येईल हळूहळू. एका डॉक्टरने न तपासताच "हार्मोनचा प्रॉब्लेम" म्हणून महागड्या टेस्टची यादी दिली. सगळं नॉर्मल.

शेवटी कान-नाक-घसावाल्यांनी दुर्बिणीने तंतू बघितले आणि स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. तिने पहिल्यांदा फक्त खोकायला सांगितलं. "परत खोका. आता ऐका." खोकला जाड होता, मोठ्या माणसाचा. मग तिने अंगठा आणि बोट घाटीवर ठेवून हलकेच मागे-खाली दाबलं आणि "आ" धरायला सांगितलं. जो आवाज आला तो मी मागे वळून शोधला. स्वरयंत्र पूर्ण वाढलेलं होतं, मी फक्त ते वर ओढून जुन्या सवयीने बोलत होतो. ह्याला प्युबरफोनिया म्हणतात. मग एक ते शंभर आकडे, वारांची नावं, पेपरातल्या मराठी बातम्या मोठ्याने, सगळं त्या नव्या आवाजात. काही आठवड्यांत जमलं.

अवघड भाग पुढे होता. नवा आवाज घरच्यांसमोर काढायची लाज वाटायची. म्हणून आधी अनोळखी दुकानांत जायचो, पेट्रोल पंपावर बोलायचो. एकदा विसरून घरात त्याच आवाजात "पाणी दे" म्हटलं तर आई आतून म्हणाली, "कोण आलंय रे?"

म्हापशाचा_शुक्रवार
मॅडमभाऊ, तुमच्या थेरपिस्टचा पत्ता व्यनि करा. चाळिशीत चालतं का?

डिचोलीचा_मॅडम
चालतं म्हणतात. पण आधी दुर्बिणीतून बघून घ्या. आणि खोकून बघा.

म्हापशाचा_शुक्रवार
खोकलो. बायको विचारते, ताप आहे का.

पर्वरीकर_डॉक
मॅडम यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवा. फक्त एवढं बघा, ते निदान वयात येणं पूर्ण झालेल्यांसाठी आहे. पंधरा वर्षांच्या मुलाचा गळा घरी दाबून बघू नका.

ताई, आधी बालरोगतज्ज्ञ. मुलांत वयात येणं नऊ ते चौदा या वर्षांत कधीही सुरू होऊ शकतं, आणि आवाज फुटणं ही त्यातली पहिली पायरी नसते, मधली असते. शरीरात बदल सुरू झाले आहेत का ते तपासल्यावर पाच मिनिटांत कळतं. चौदा उलटूनही काहीच सुरू नसेल तर पुढच्या तपासण्या. बऱ्याच वेळा घराण्याचाच उशीर असतो, म्हणून वडिलांना विचारा, त्यांची उंची कधी वाढली, मिसरूड कधी फुटलं.

मेरशीचा_जिमवाला
ह्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्या जिममध्ये सोळा-सतराचे पोरगे येतात आणि हळूच विचारतात, "आवाज जाड करायचं इंजेक्शन मिळेल?" व्हिडिओ बघून येतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, आणि हाडांची टोकं लवकर बंद झाली की उंची तिथेच थांबते. डॉक्टर गरज असेल तेव्हा मोजून देतात, ती गोष्ट वेगळी. सिगरेट ओढून आवाज जड करणारे शहाणेही आहेत. तो जडपणा तंतू सुजल्याचा असतो. ताई, मुलाच्या मोबाइलवर एकदा नजर टाका, ओरडू नका फक्त.

गिरीचो_क्रिकेटर
सचिनचा आवाज ऐका. शंभर आंतरराष्ट्रीय शतकं. पुढचा प्रश्न?

कुर्टीची_ताई
मंडळी, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मुलाला धागा दाखवला नाही, पण ठुशीचं आणि खोकल्याचं वाचून दाखवलं. पहिल्यांदाच या विषयावर हसला. मग मोबाइल मागून घेतला आणि खोलीत जाऊन सगळंच वाचलं असावं, कारण जेवताना "मोरेस्की ऐकू या का?" म्हणाला.

बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन आलो. मला बाहेर बसवून त्याला तपासलं, ते मला आवडलं. मग डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला. त्यात हाडांची टोकं अजून सुटी दिसतात, मध्ये काळी रेघ. डॉक्टर म्हणाले हाडांचं वय साडेतेराच्या आसपास आहे, म्हणजे गाडी सुरू झाली आहे, जरा मागे आहे, उंचीही अजून वाढेल. औषध काही नाही, सहा महिन्यांनी परत बोलावलंय. ह्यांना विचारलं तर "मला काय आठवतंय" म्हणाले. मग सासूबाईंनी ट्रंकेतून ह्यांचा दहावीचा ग्रुप फोटो काढला. पहिल्या रांगेत, जमिनीवर मांडी घालून, पाटी हातात धरलेला सगळ्यात छोटा मुलगा म्हणजे आमचे हे. बारावीनंतर दोन वर्षांत सगळी पँट आखूड झाली होती, असं सासूबाई म्हणाल्या.

त्या नातेवाईक बाईंना ह्यांनी स्वतः फोन केला. काय बोलले ते सांगत नाहीत.

शंकेखोर
आनंद झाला. पण माझ्या तीन मामांचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

केप्याची_परिचारिका
त्यांना घेऊन या, गळ्याचा एमआरआय काढू. खर्च तुमचा.

कुर्टीची_ताई
पेटीवाले काका, एक राहिलंच. जानेवारीत अभंगाची स्पर्धा आहे, फॉर्ममध्ये पट्टी लिहायची जागा आहे. अजून काळी पाचात म्हणतोय, पण तोवर काय होईल सांगता येत नाही. काय लिहू?

जुना_पेटीवाला
रिकामी सोडा. साथीदाराला आदल्या दिवशी सांगितलं तरी चालतं, पेटीवाल्यांना सवय असते. अभंग मात्र असा निवडा ज्याचा अंतरा पंचमाच्या वर फार रेंगाळत नाही, म्हणजे आयत्या वेळी दोन-तीन सूर उतरवले तरी खाली मंद्रात अडकायला होणार नाही. आणि सुरुवात कुठून होते ते घरी तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत बसवून ठेवा.